डावीकडचा ढीग

पहार मारली की बर्फ फुटायच्या ऐवजी पहारच वाजायची. ठण्ण. आणि तो आवाज मनगटातून वर चढून थेट दाढेत जाऊन बसायचा.

अनया घरासमोरच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी, रस्त्याला लागून उभी होती. तिच्यासमोर जे पडलं होतं त्याला बर्फ म्हणणं म्हणजे बर्फाचा अपमान. बर्फ कसा, भुरभुरतो, हातात घेतला तर हसू येतं. हे काळपट, माती-खडी खाल्लेलं, गुडघ्याएवढं धूड होतं. सिटीचा प्लो, म्हणजे पुढे पातं लावलेला ट्रक, रस्ता साफ करत येतो आणि रस्त्यावरचं सगळं कडेला ढकलतो. आता कडेला काय असतं? लोकांच्या ड्राइव्हवेची तोंडं. गुरुवारी त्यानं ढकललं, शुक्रवारी त्यावर पाऊस पडला, रात्री थंडी पडली आणि त्याचा पार दगड झाला. त्यात बाबांनी आपली भर घातली. त्यांना वाटलं, गरम पाणी ओतलं की वितळेल. श्रीखंड-पुरीच्या जेवणाला काढतात ते मोठं पातेलं भरून उकळतं पाणी त्यांनी शनिवारी दिवे लागायच्या वेळी नेऊन ओतलं. केमिकल इंजिनियर माणूस, मिशिगनात राहून केस पांढरे झालेले. भसाभस वाफ निघाली, बाबा खूश होऊन आत आले, आणि सकाळी बघतात तर दगडावर काचेचा थर.

"अनू!" दारातून आईचा आवाज आला. "अकराच्या आत व्हायला हवं हं. आणि झालं की सरळ गॅरेजमधून खाली. वर यायचं नाही."

"आय नो, आई."

"आणि ते जॅकेट कुठलं घातलंयस?"

"बाबांचं. का? बर्फाला आवडत नाहीये का?"

दार लागलं.

खाली म्हणजे बेसमेंटमध्ये. शिकागोहून नकुल आणि त्याचे आईबाबा येणार होते, इलाताईची बोलणी करायला. रात्री येऊन हॉटेलात उतरले होते, अकराला घरी येणार, जेवणार, आणि अंधार पडायच्या आत परत निघणार. त्यांनी घरातलं सगळं बघायचं होतं. पडदे, देवघर, इलाताईचं डेंटल स्कूलचं सर्टिफिकेट, आईची पुरी. अनया तेवढी बघायची नव्हती. कारण अनया कॅलिफोर्नियात होती.

म्हणजे असं की, अनयाला अठरा पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती हायस्कूलच्या ऑफिसात गेली आणि सही करून बाहेर पडली. बारावी अर्धी टाकून. वर्गात बसलं की तिच्या पायांना मुंग्या यायच्या, कोणी काही शिकवायला लागलं की डोकं फिरायचं, आणि एकदा फिरलं की तोंड आवरायचं नाही. ते एक असो. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. आई ओरडली नाही. आईनं मराठी मंडळात सांगितलं की अनयाला कॅलिफोर्नियात लवकर ॲडमिशन मिळाली. मग हे स्थळ आलं आणि ते कॅलिफोर्निया सरळ बायोडेटात जाऊन बसलं. धाकटी बहीण, प्री-मेड. मेडिकलला जाणारी! अनयानं ते वाचलं तेव्हा ती सोफ्यावरून पडेस्तोवर हसली होती. आई हसली नव्हती.

"इलाचं जमू दे," आई म्हणाली होती. "एकदा जमलं की मीच सांगते त्यांना. समोर बसवून सांगते, ही माझी अनू. प्रॉमिस."

अनया कबूल झाली ती आईसाठी नाही, इलाताईसाठी. लहानपणी केस विंचरताना आई ओढायची, इलाताई ओढायची नाही. बास, एवढंच कारण. आणि दुसरं म्हणजे ते प्रॉमिस. ते तिनं जपून ठेवलं होतं. कोणीतरी चार लोकांत तोंड भरून म्हणणार होतं, ही माझी अनू.

तिनं पहार टाकली आणि खाली बसली. मधोमध मारून काही होत नाही, हे तिला एव्हाना कळलं होतं. कुठेतरी खालून पोकळ असतं. डांबर आणि बर्फ यांच्यामध्ये एक फट असते, तिथं टोक घालायचं आणि उचकटायचं, मग पोळीएवढी नाही तर पाटाएवढी लादी एकदम सुटते. तिनं गटाराच्या बाजूनं फट शोधली, टोक घातलं, अंगाचा सगळा भार टाकला. कर्रर्र. सुटली. तिनं लादी उचलली, पोटाशी धरली आणि उजवीकडे नेऊन टाकली.

उजवीकडे. हे बाबांनीच शिकवलं होतं, ती प्लॅस्टिकचं फावडं घेऊन त्यांच्या मागे नाचायची तेव्हा. रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. प्लो आपल्या डाव्या हातानं येतो आणि उजव्या हाताला जातो. उजवीकडे ढीग केला तर तो पुढे निघून जातो, आपल्याला त्रास नाही. डावीकडे केला तर जाता जाता तो ढीग ओढत आणतो आणि आपल्याच दारात परत टाकतो. "डावीकडे टाकलेलं आपल्याच नशिबी येतं बघ," बाबा म्हणायचे, आणि ती खदाखदा हसायची. तेव्हा बाबा तिच्याशी बोलायचे.

एका गाडीपुरती वाट झाली होती, तेवढ्यात काळी एसयूव्ही वळली. साडेदहाच वाजले होते. लवकर आले, मेले.

पळायला वेळ नव्हता. अनया बाजूला सरकली. बाबांचं ढगळ जॅकेट, डोक्याला माकडटोपी, त्यातून दोन डोळे आणि श्वासानं पांढरी झालेली लोकर. तिची सख्खी आजीसुद्धा ओळखू शकली नसती. गाडी शेजारून जाताना काच खाली आली. मागच्या सीटवर मोत्यांच्या कुड्या घातलेली एक बाई होती.

"थँक्यू, डिअर! सो मच हार्ड वर्क!" बाई म्हणाली, आणि काच वर जायच्या आत मराठीत, पुढे बसलेल्या नवऱ्याला, "बघा, ह्यांच्याकडे बर्फ काढायला मुलगी येते. आपला तो माणूस फोनसुद्धा उचलत नाही."

गाडी चालवत होता तो नकुल. फोटोतल्यापेक्षा कान मोठे होते.

आई पैठणी नेसून, वर शाल घेऊन बाहेर आली. पायात सपाता. "या, या! कांचनताई, जपून हं, घसरेल. डॉक्टरसाहेब, या ना."

"अहो, आम्ही लवकरच आलो," कांचनकाकू उतरत म्हणाल्या. "ह्यांना हॉटेलात चैन पडेना. ही पोर बिचारी कधीपासून करतेय? कोण आहे?"

आईनं अनयाकडे बघितलं. म्हणजे माकडटोपीकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही.

"इथलीच आहे हो कोणीतरी. बर्फ पडला की येते. नावसुद्धा विचारलं नाही कधी."

सगळे आत गेले. दार लागलं. अनया तिथंच उभी.

खोटं बोलायचं ठरलेलं होतं, त्याचं काही नाही. पण 'नावसुद्धा विचारलं नाही' याची काय गरज होती? कोणी विचारलं होतं? भाजी झाल्यावर वरून कोथिंबीर पेरावी तसं आईनं ते वरून पेरलं होतं. शोभेला.

तिनं राहिलेलं धूड फोडलं. आता पहार बरोबर बसत होती. रागानं मारलं की बसते. तोंड पूर्ण मोकळं झालं, उजवीकडे लाद्यांचा कमरेएवढा ढीग लागला, आणि ती गॅरेजमध्ये जाऊन रंगाच्या डब्यावर बसली. खाली गेली नाही. वरून हसण्याचे आवाज येत होते, आईचा पाहुण्यांसाठीचा वेगळा आवाज, बाबांचा खाकरून बोलायचा आवाज. चांदीची ताटं मांडल्याचा खणखणाटसुद्धा येत होता. ती ताटं गणपतीला आणि पाहुण्यांनाच निघायची.

गॅरेजचं आतलं दार उघडलं. इलाताई. मोरपंखी साडी, केसात गजरा. डेट्रॉइटजवळ जानेवारीत गजरा कुठून आणला देव जाणे. हातात कागदाची प्लेट, वर फॉइल.

"अनू, खाऊन घे गरम आहे तोवर."

"पेपर प्लेट?"

"ताटं कमी पडली."

"सहा माणसं जेवतायत, ताई. बारा ताटं आहेत."

इलाताईनं प्लेट फ्रीजरवर ठेवली. "आज नको ना, अनू. प्लीज. माझं काय चाललंय, तुला नाही कळणार."

"हो, मला काय कळणार! मी कॅलिफोर्नियाची." मग ती हळू आवाजात म्हणाली, "नकुलला तरी माहितीये का?"

इलाताईनं गजऱ्याला हात लावला. नीटच होता तो.

"ताई."

"माहितीये."

"काय माहितीये? की मी शाळा सोडली?"

"सगळं माहितीये. तू बाहेर आहेस तेपण. तो म्हणाला, ममाला आत्ता नको सांगायला. ती जुन्या विचारांची आहे."

"आणि लग्नानंतर?"

इलाताईनं प्लेटवरचं फॉइल उगाच नीट बसवलं. अनया तिच्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिला ते दिसलं. लग्नानंतरही नाही. बारशालाही नाही. कॅलिफोर्निया फार लांब असतं, परीक्षा असतात, फ्लाइट कॅन्सल होतात.

"आई विचारतेय," इलाताई दार ओढून घेता घेता म्हणाली, "मीठ टाकून झालं का बर्फावर. ते निघतील तेव्हा घसरायला नको."

दार लागलं.

अनयानं फॉइल काढलं आणि सगळं खाल्लं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड बोटानं निपटून. राग आला होता म्हणून भूक काही जात नाही. मग प्लेट चुरगाळून टाकली, माकडटोपी चढवली आणि बाहेर गेली.

उजवीकडच्या ढिगातली सगळ्यात मोठी लादी तिनं उचलली, पोटाशी धरली, ड्राइव्हवेच्या तोंडावरून चालत पलीकडे नेली आणि डावीकडे ठेवली. रस्त्याच्या कडेला, थोडी आतच. मग दुसरी. मग तिसरी. घाई केली नाही. खिडकीतून कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय नीट काम करते पोरगी. खिडकीतून कोणी बघत नव्हतं. आत डॉक्टरसाहेब जुनं नाट्यगीत म्हणत होते आणि बाबा टेबलावर ताल धरत होते, चुकीचा.

उजवीकडचा ढीग संपला, डावीकडचा उभा राहिला. मिठाचं पोतं तिनं उघडलंसुद्धा नाही.

प्लो आला तो दोन वाजायच्या सुमाराला, रस्त्याच्या कडा रुंद करायला. पिवळा दिवा फिरवत, पातं घासत. ड्रायव्हरनं तिच्याकडे बघून हात केला. तिनंही केला. पातं डावीकडच्या ढिगाला भिडलं, सगळ्या लाद्या एकमेकींवर चढल्या, ओरडल्या, आणि गाडी पुढे गेली तेव्हा ड्राइव्हवेच्या तोंडावर पुन्हा भिंत उभी होती. सकाळपेक्षा उंच. वरून रस्त्यावरचा राडा बसलेला, आणि वारा सुटला होता. बघता बघता तो राडा गोठायला लागला.

अनया गॅरेजच्या कोपऱ्याला टेकून उभी राहिली आणि वाट बघू लागली.

निघताना सगळे एकदम बाहेर आले. कपाळावर कुंकू, हातात नारळ, म्हणजे जमलं होतं. हसत हसत आले आणि थांबले.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"सिटीवाले ना," आई पटकन म्हणाली. "ह्यांना काही कळतच नाही. अहो, करा ना काहीतरी."

बाबांची नजर डावीकडे गेली. मग उजवीकडे गेली, जिथं सकाळी खिडकीतून त्यांना ढीग दिसला होता आणि आता नुसता ओला डाग होता. मग त्यांनी अनयाकडे बघितलं. त्यांना कळलं. एका क्षणात कळलं, पण तोंड उघडायचं तर सगळंच उघडावं लागलं असतं.

"ती मुलगी आहे की अजून!" कांचनकाकू म्हणाल्या. "हॅलो! डिअर! कुड यू हेल्प अस, प्लीज?"

"शुअर," अनया म्हणाली.

तिनं पहार घेतली. फट शोधली, टोक घातलं. सगळे तिच्याभोवती अर्धगोल करून उभे राहिले, जसं काही ती डोंबाऱ्याचा खेळ करतेय. नकुल फोनमध्ये बघत होता. इलाताई नकुलच्या फोनमध्ये बघत होती. थंडीनं आईचे सपातांतले पाय लाल झाले होते, पण ती आत जाईना. अनयाला आणि पाहुण्यांना एकत्र सोडून जायची तिची छाती होत नव्हती.

भिंत फुटली. एका गाडीपुरती. अनया घामाघूम झाली होती, लोकर तोंडाला चिकटत होती, श्वास पुरेना. तिनं माकडटोपी ओढून काढली. खरं सांगायचं तर काढायची नव्हती, पण जीव गुदमरला.

आईचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला.

कांचनकाकूंना काही कळलं नाही. त्यांनी ह्या घरची धाकटी मुलगी कधी बघितलीच नव्हती. हॉलमधले फोटो आईनं आठवड्यापूर्वी उतरवले होते. काकूंनी पर्समधून डबी काढली. "थांबा हो, हिला तीळगूळ तरी देऊ. संक्रांत आहे. गोऱ्यांनासुद्धा आवडतो." आणि त्या जपून जपून पुढे आल्या. "हिअर, डिअर. स्वीट. फॉर यू."

अनयानं हातमोजा काढला. उजवा हात पुढे केला, वडी घेतली.

आणि ती वाकली.

तिनं ठरवलं नव्हतं. देवाशपथ ठरवलं नव्हतं. पण ती चालायला लागल्यापासून दर संक्रांतीला आईनं तिच्या मानेवर हात ठेवून तिला वाकवलं होतं. मोठ्यांनी तीळगूळ दिला की वाकायचं, आधी वाकायचं, मग तोंडात टाकायचं. शाळा सोडता येते. हे कसं सोडणार? कंबर आपोआप लवली, बोटं कांचनकाकूंच्या बुटांना लागली, आणि तोंडातून आलं, "तुम्हालाही काकू, गोड बोला."

"अगं बाई!" कांचनकाकू दोन पावलं मागे झाल्या. मग हसल्या, मोठ्यानं. "मराठी आहेस तू? आणि मी मघापासून इंग्लिश फाडतेय! कोणाची गं तू?"

कोणाची गं तू. आता कोणीच फोनमध्ये बघत नव्हतं.

अनया सरळ झाली. ती आईकडे बघत होती. आता टोपी नव्हती, लोकर नव्हती, आईला डोळ्यांकडे बघावंच लागलं. जमलं होतं की. नारळ हातात होता. आई म्हणाली होती, जमलं की मी सांगेन. प्रॉमिस.

"अहो, ही होय!" आई म्हणाली. पाहुण्यांसाठीच्या आवाजात. "तोंड झाकलेलं ना, मला वाटलं नेहमीचीच. ही आमच्या मागच्या स्ट्रीटवरच्या सोहोनींची."

वारा आला. कोणाचा तरी पदर फडफडला.

"सोहोनींची? आणि असली कामं करते?"

आई थांबू शकली असती. इथं कोणीही थांबलं असतं. पण कांचनकाकू वाट बघत होत्या, आणि आईला कोथिंबीर पेरल्याशिवाय राहवत नाही.

"शाळा सोडली हो हिनं," आई म्हणाली. "बारावी अर्धी टाकून. ऐकत नाही कोणाचं. तोंड वाजवते, भांडते, दिवसभर लोळते. म्हणून मीच म्हटलं होतं तिच्या आईला, पाठव कधीतरी, निदान बर्फ तरी काढेल."

"अरेरे," कांचनकाकू म्हणाल्या. त्यांनी अनयाकडे आता वेगळ्या डोळ्यांनी बघितलं, दातातली कीड बघावी तसं. "आईचं काय होत असेल तिच्या."

"रडते ती," आई म्हणाली. आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज पाहुण्यांसाठीचा राहिला नाही. "रोज रात्री रडते."

अनयानं वडी तोंडात टाकली. कडक होती, पाक पुढे गेला होता. ती सावकाश चावली. सगळे तिच्याकडे बघत होते.

"नाही काकू," ती आईला म्हणाली. "अजिबात रडत नाही. मी बघते ना. मस्त साडी नेसते आणि पाहुण्यांना जेवायला घालते."

"तोंड आहे खरं हिला," कांचनकाकू पुटपुटल्या आणि गाडीकडे वळल्या. "चला हो, उशीर होतोय."

डॉक्टरसाहेब बसले. नकुलनं अनयाच्या शेजारून जाताना बुटांकडे बघत 'थँक्स' म्हटलं, तेही धड नाही. इलाताईनं खिडकीशी जाऊन हात हलवला. गाडी उलटी फिरली, वाटेतून अंग चोरून निघाली, रस्त्याला लागली आणि वळणावर दिसेनाशी झाली. इलाताई मागे वळून न बघता आत पळाली. बाबा तिच्या मागोमाग गेले. दारात ते थोडे थांबले, पण थांबले तेवढेच.

राहिल्या दोघी.

आईनं शाल घट्ट ओढली. नाक लाल झालं होतं. "झालं बाई एकदाचं," ती म्हणाली. आता तिचा रोजचा आवाज. "चल, अनू. आत चल. किती गार पडलीयेस. चहा टाकते आल्याचा."

अनयानं पहार आईच्या हातात दिली. आईला ती पेलवेना, पैठणीच्या काठावर ओली माती लागली.

"नको काकू," अनया म्हणाली. "घरी आई वाट बघत असेल."

"अनू, काय हे. पुरे आता."

अनयानं माकडटोपी घातली, हातमोजा चढवला, आणि भिंतीच्या फटीतून रस्त्यावर आली. मागच्या स्ट्रीटवर सोहोनी नावाचं कोणीच राहत नव्हतं. एक म्हातारं पोलिश जोडपं होतं आणि दोन घरं विकायला काढलेली. ती त्याच दिशेला चालायला लागली.

मागून आईनं हाक मारली. मग पुन्हा मारली, पूर्ण नावानं, आडनाव घालून, घशाच्या शिरा ताणून. आता ऐकायला रस्त्यावर कोणी नव्हतं.